प्रभाग रचनेचा कच्चा नकाशा कसा तपासावा, हरकत कशी घ्यावी

ग्रामपंचायतीची मुदत संपत आली की चावडीवर आणि पंचायतीच्या फलकावर प्रारूप, म्हणजे कच्च्या, प्रभाग रचनेची नोटीस लागते. कोकणातल्या बऱ्याच गावांत ती कोणी थांबून वाचत नाही. उमेदवारी अर्ज भरायच्या वेळी कळतं, की आपल्या वाडीची निम्मी घरं एका प्रभागात गेलीत आणि निम्मी दुसऱ्यात. तोवर रचना अंतिम झालेली असते. जे करायचं ते नोटीस लागल्यापासूनच्या थोड्या दिवसांतच करावं लागतं.

सीमा आखून निकाल फिरवणं ही जुनी युक्ती आहे. 1812 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या नकाशावर सही केली आणि या प्रकाराला गेरीमँडरिंग हे नाव पडलं. तिथे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे पक्षीय वाद केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठरवले. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. 2008 च्या फेररचनेत मालवण आणि खेड हे विधानसभा मतदारसंघ गेले, राजापूरचा लोकसभा मतदारसंघही गेला. त्या पातळीवर गावकऱ्याचा आवाज पोचणं अवघड. गावच्या प्रभागाचं तसं नाही.

डाव दोनच असतात. एक, विरोधातली वाडी तोडून तिची मतं दोन-तीन प्रभागांत विखुरणं, म्हणजे कुठेच ती निर्णायक राहत नाहीत. दुसरा, विरोधातल्या सगळ्या वाड्या एकाच प्रभागात कोंबणं. तिथे विरोधक भरघोस मतांनी जिंकतात आणि बाकी सगळीकडे हरतात. बौद्धवाडी किंवा कोळीवाडा अशा लहान वस्त्यांना पहिल्या डावाचा फटका जास्त बसतो. वाडी दुभंगली की राखीव जागेवरही तिचा माणूस तिच्या मतांवर निवडून येईल याची खात्री राहत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते, म्हणून नकाशा हातात आला की आधी अशा वस्त्या कुठे पडल्यात ते बघा.

पहिलं काम : कागद मिळवा. नोटिशीचा आणि नकाशाचा फोटो काढा. शेवटची तारीख आणि हरकत कुठल्या कार्यालयात द्यायची, हे त्यातच लिहिलेलं असतं. प्रभागनिहाय लोकसंख्येचा तक्ता तलाठी किंवा ग्रामसेवकाकडे मागा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत असते, तोवर हरकतीची तारीख निघून जाते. म्हणून समक्ष जाऊन मागणंच बरं.

दुसरं : हिशेब करा. लोकसंख्या आणि सदस्यसंख्या यांचं प्रमाण शक्यतो सगळ्या प्रभागांत सारखं असावं, असं ग्रामपंचायत अधिनियम सांगतो. समजा गावाची लोकसंख्या 2,400 आहे. 1,501 ते 3,000 वस्तीच्या गावाला 9 सदस्य मिळतात, म्हणजे एका सदस्यामागे सुमारे 267 माणसं. तीन सदस्यांच्या प्रभागात 800 च्या आसपास वस्ती हवी. दहा टक्के इकडेतिकडे धरले तर 720 ते 880. एकात 950 आणि दुसऱ्यात 640 असतील, तर हरकतीचा पहिला मुद्दा तुम्हाला मिळाला.

इथे एका गोष्टीत बरेचजण फसतात. हिशेब जनगणनेच्या लोकसंख्येवर चालतो, मतदार यादीवर नाही. आपल्याकडे निम्मं घर मुंबईला. गणपतीला आणि मतदानाला येणाऱ्या चाकरमान्यांची नावं यादीत असतात, पण जनगणनेत ते मुंबईत मोजले गेलेले असतात. 'आमच्या वाडीत इतके मतदार आहेत' अशी हरकत म्हणूनच टिकत नाही.

तिसरं : नकाशा घेऊन चाला. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि घरी बसून होत नाही. सीमा शक्यतो रस्ता, नदी, ओढा अशा ठळक खुणांवरून जावी आणि प्रभाग सलग असावा, अशी अपेक्षा असते. कागदावर सलग दिसणाऱ्या दोन वाड्यांमध्ये प्रत्यक्षात व्हाळ, म्हणजे ओढा, असतो आणि पावसाळ्यात त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली जातो. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरची, वाडी आणि खाडीकाठची वाडी एका प्रभागात घातली, तर मतदान केंद्र गाठायला म्हाताऱ्या माणसांना सगळी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरावी लागते. जिथे सीमा ओढा सोडून अचानक चार घरांना वळसा घालते, तिथे थांबा. ती घरं कोणाची, हे गावाला ठाऊक असतं. पण हरकतीत नावं किंवा पक्ष लिहू नका. घर क्रमांक, रस्ता, ओढा आणि वस्तीचा आकडा एवढंच लिहा.

चौथं : हरकत लिहा. साध्या कागदावर चालते. प्रभाग क्रमांक, नेमकी कुठली सीमा चुकली, का चुकली आणि ती कशी असावी. शेवटचा भाग बहुतेक अर्जांत नसतो आणि अर्ज तिथेच पडतात. दुरुस्तीनंतर प्रत्येक प्रभागाची वस्ती किती होईल, तो तक्ता जोडा. एका प्रभागातून काढलेली घरं कुठे बसतात ते दाखवलं नाही, तर अधिकाऱ्याला तुमचं म्हणणं मान्य करणं अवघड जातं. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि साकवाचे फोटो द्या. वाडीची बैठक घेऊन सह्या घ्या, पण वेगवेगळ्या मुद्द्यांची खिचडी करू नका.

अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर तारखेसह पोच घ्या.

पाचवं : सुनावणीला जा. ग्रामपंचायतीच्या हरकतींची सुनावणी प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, घेतात. बोलायला थोडाच वेळ मिळतो, तेव्हा नकाशा टेबलावर ठेवा आणि ओढ्यावर बोट ठेवून बोला. वाडीतली एखादी जाणती बाई सोबत असावी. पाणी कुठे भरतं, वाट कुठे बंद होते, हे तिच्याइतकं कोणी नेमकं सांगत नाही.

अंतिम रचना प्रसिद्ध झाली की ती कच्च्या नकाशाशी ताडून बघा आणि हरकतीवरचा निर्णय लेखी मागा. राज्यघटनेच्या 243-ओ कलमामुळे या विषयात न्यायालयात जायला फार थोडी वाट आहे. तरीही जायचं ठरलं, तर वकील पहिल्यांदा तीच पोच आणि तोच निर्णय मागेल.