लाकडी बाऊलला जाळी पाडताय? भोकं नको, मधल्या पट्ट्या मोजा

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडप आहे बघा, ४८ खांबांचा, आणि वर छताला मधोमध गोल मोकळं सोडलंय. तिथं गेलं की सगळे मान वर करून आकाश बघतात, मीपण तेच केलं, पण परत येताना बसमध्ये डोक्यात आलं की ते गोल तसं राहिलंय ते खालच्या खांबांमुळं, आणि आपण बाऊलला भोकं पाडताना नेमकं हेच विसरतो. म्हणजे भोक कसं दिसेल हे बघतो आणि दोन भोकांच्या मधे लाकूड किती उरलं ते बघतच नाही. माझे पहिले तीन बाऊल असेच गेले.

लाकूड कुठलं घ्यायचं? आपल्याकडं वखारीत आंबा सहज मिळतो, लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कापायच्या मशीनवर, लोण्यासारखा कापतो, पण जाळी करताना भोकाच्या कडेला कुसळं लई निघतात. शिसव भारी, कडा स्वच्छ येते, फक्त त्याची धूळ नाकाडोळ्याला चावते, मास्क लावाच. आणि पावसाळ्यात आणलेला तुकडा लगेच पातळ करू नका, आधी जाडसर फिरवून ठेवून द्या, वाळू दे, मग वाकडा झालेला परत गोल करा.

आता जाडी. भिंत सगळीकडं सारखी ३-४ मिमी हवी, काठावर १० मिमीची पट्टी कोरी सोडायची, तिथं भोक नाही. लाकूड ओलं असेल तर एक सोपी गंमत आहे, बाऊलच्या पलीकडं एलईडी दिवा धरा, जिथं पातळ आहे तिथून लालसर उजेड दिसतो, जिथं काळं तिथं अजून काढायचंय. आतून-बाहेरून पॉलिश पेपर याच टप्प्यात मारून घ्या, कारण एकदा भोकं पडली की बाऊल लेथवर फिरवायचा नाही. कागद भोकात अडकतो आणि बोटंपण जातात, हे मी जोरात सांगतोय.

भोकांच्या जागा अंदाजानं काढू नका राव. काठाला कागदाची पट्टी गुंडाळा, जिथं टोक जुळतं तिथं कापा, चारदा निम्मी दुमडा, झाले १६ सारखे भाग. पट्टी परत लावून घड्यांवर पेन्सिलनं खुणा करा.

खरी मेख इथनं पुढं. बाऊल साधारण आडव्या रेषेच्या (म्हणजे लाकडाचे तंतू आडवे पळतात अशा) ठोकळ्यातनं काढतो, त्यामुळं फिरवला की समोरासमोरच्या दोन बाजूंना रेषा भिंतीच्या लांबीनं पळतात, आणि उरलेल्या दोन बाजूंना रेषांची टोकं सरळ आपल्याकडं बघतात, म्हणजे भिंतीच्या आरपार जातात. या टोकांच्या बाजूला दोन भोकांमधे बारीक पट्टी ठेवली की बिस्किटासारखी मोडते, कुठल्याही दिशेनं. पहिल्या दोन बाजूंना आडवी पट्टी टिकते पण उभी बारीक पट्टी टिकत नाही. म्हणून मी आडव्या रेषांच्या बाजूला पट्टी किमान ३ मिमी ठेवतो आणि टोकांच्या बाजूला ५, थोडं वेगळं दिसतं पण कुणाच्या लक्षात येत नाही. माझा तिसरा बाऊल १६ पैकी १३ व्या भोकाला गेला, अगदी टोकांच्या बाजूला, टक असा आवाज आला आणि पट्टी पायाशी. फेविक्विकनं चिकटवली, अजून शेल्फवर आहे, बायको म्हणते हाच सगळ्यात चांगला दिसतोय.

भोक पाडताना आधी बाहेरनं २ मिमीचं बिट आरपार, मग ६ मिमीचं बिट निम्मं बाहेरनं आणि निम्मं आतनं. सरळ एका बाजूनं घातलं तर पलीकडं खपली उडणारच. पानाचा नाहीतर थेंबाचा आकार हवा असेल तर भोकातनं बारीक करवतीचं पातं घाला, किंवा हातातलं छोटं रोटरी मशीन वापरा, पण ते दाबायचं नाही, दाबलं की लाकूड जळतं आणि काळा डाग बसतो. आतल्या कडा गोल बारीक कानशीनं साफ करायच्या, कंटाळवाणं काम आहे, एका बाऊलला माझी अख्खी संध्याकाळ जाते.

दुसरी पद्धत पसरट थाळीसाठी, ही मला जास्त आवडते. तळाची जाडी ६ मिमी ठेवा, मागच्या बाजूनं ४ मिमी खोल गोल-गोल खाचा मारा, मग थाळी उलटी करून मध्य १५ मिमी सरकवून धरा आणि पुढनं ३ मिमी खोल खाचा मारा. जिथं दोन्ही खाचा एकमेकींना ओलांडतात तिथं आपोआप खिडकी उघडते, ड्रिलला हातपण लावायचा नाही. मध्य सरकवलेला असल्यानं मशीन थरथरतं, म्हणून स्पीड एकदम कमी, आणि आधी हातानं एक फेरा फिरवून कुठं आपटत नाही ना ते बघायचं.

पॉलिशला ब्रशनं जाड थर देऊ नका, भोकांत थेंब साचून वाळतात आणि मग तेच खरवडत बसावं लागतं. कापडाला तेल लावून पुसा, आतल्या कडांना कानातली कापसाची काडी. आणि तेल लावायच्या आधी एकदा रात्री लाइट बंद करून बाऊलमध्ये मोबाइलची टॉर्च ठेवा, भिंतीवर सावली पडते त्यात कुठली पट्टी जाड राहिली, कुठलं भोक वाकडं आलं सगळं दिसतं. पेन्सिलनं खूण करा, सकाळी कानस घ्या.