गोदापूरचे लोक आजारी का पडत होते

सिटीज स्कायलाइन्समध्ये (हो, 2015 चाच जुना गेम) मी गोदापूर नावाचं शहर उभारतोय. लोकसंख्या वाढली आणि घराघरांवर आजाराची चिन्हं दिसू लागली. मी दवाखाने बांधत सुटलो. पैसे संपले, आजार तसाच!

आई चहा ठेवायला आली नि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, गटार वर आणि पाणी खाली? आपल्याला नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते शहराच्या वरच्या अंगाला आहे ना?" पन्नास तास खेळूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पाण्याचा नकाशा उघडला. त्यात प्रवाहाचे बाण दिसतात. सांडपाण्याचा पाइप खरंच नदीतून पाणी ओढणाऱ्या पंपांच्या वरच्या बाजूला होता. पंप उचलून वर नेले, पण तपकिरी पाणी परत आलंच. कारण वेगळं होतं: तिथे नदी संथ, आणि मी ओळीने चार पंप लावलेले. ते इतकं पाणी ओढत होते की प्रवाहच उलटा फिरून घाण वर येत होती. दोन पंप काढले, पाइप पार खाली हलवला. पाणी हळूहळू निवळलं, मग आजार ओसरला.

आता कॉलेज रोडवरून आणलेल्या वहीत प्रत्येक बदल लिहितो: तारीख, काय हलवलं, का, आणि नदीचा बाण कुठल्या दिशेला. स्क्रीनशॉटही त्याच तारखेच्या नावाने ठेवतो. दवाखाने मात्र अजून रिकामेच उभे आहेत.