वाळूवर लाल साय धरली तर

नेरूळला आमच्या हॉलमध्ये अडीच फुटी समुद्री टाकी आहे, साधारण १३० लिटरची. दोन क्लाउन मासे, एक डॅमसेल मासा आणि सिरॅमिकचे दगड. प्रवाळ ठेवलेले नाहीत; त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे ‘मॅडम, कोरल घेऊन जा’ म्हणणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करते. गेल्या पावसाळ्यात या टाकीतल्या वाळूवर जांभळट-लाल साय धरली. आधी रुपयाएवढी, आठवड्यात ताटाएवढी. बोटाने उचलली की उतू गेलेल्या दुधावरच्या सायीसारखी अख्खी वर येई, खाली वाळू स्वच्छ. वास मात्र गटाराचा.

दुकानात दाखवलेल्या फोटोवर निकाल लगेच लागला: ‘शेवाळ आहे, ही पावडर टाका.’ मी वाशीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. फोटो बघून रिपोर्ट देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

तर पहिलं काम, ते काय आहे हे ओळखणं. ही लाल साय बहुतेक वेळा सायनो असते, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नाव शेवाळाचं पडलं तरी जात जिवाणूंची. रंग लाल, काळपट किंवा निळसर-हिरवा. दुपारनंतर सायीखाली बुडबुडे अडकतात, तो ऑक्सिजन. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन मुळात भरला तो यांच्याच पूर्वजांनी, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. एवढ्या जुन्या घराण्याला आपण रविवारच्या सकाळी हाकलायला निघालोय, हे लक्षात ठेवलं की घाई होत नाही.

नव्या टाकीत काचेवर तपकिरी धूळ बसली असेल तर ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ; ते पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि महिनाभरात आपोआप ओसरतात. तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडा, रात्री जवळपास गायब आणि दिवे लागले की परत हजर, सोबत गोगलगायी मरतायत, असं असेल तर डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव समजा. त्यांचा उपाय वेगळा, कधीकधी उलटाच: ते बरेचदा नायट्रेट-फॉस्फेट ही खतं शून्यावर गेलेल्या अतिस्वच्छ पाण्यात माजतात. सायनो समजून पाणी बदलत बसलात तर त्यांना मेजवानी.

मी थेंबभर साय स्लाइडवर घेतली, वर कव्हरस्लिप, ४०० पटीत पाहिलं. एकमेकांत गुंतलेले केसासारखे धागे, काही हळूच सरकणारे. सायनोच. डायनो असते तर गोल-लांबट तपकिरी पेशी गरगर फिरताना दिसल्या असत्या. स्लाइडवर थेंब टाकीतल्याच पाण्याचा घ्या, नळाच्या पाण्यात पेशी फुगून फुटू शकतात. मायक्रोस्कोप नसेल तर बाटलीत साय आणि टाकीचं पाणी घालून जोरात हलवा, टिश्यूतून गाळा, गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा धागे जमून आले तर डायनोचा संशय घ्या.

आता ती का आली. माझ्या टेस्ट किटवर नायट्रेट ४०, म्हणजे भरपूर, आणि फॉस्फेट रंगपट्टीच्या पार टोकाला. (किटवर शून्य आलं म्हणूनही निर्धास्त राहू नका, साय स्वतःच सगळं खात असते.) खाणं तर मी दिवसातून एकदा, चिमूटभर टाकते. मग एवढं येतं कुठून? तीन दिवस डोकं खाजवल्यावर दुपारी लवकर घरी आले, तर सासूबाई टाकीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या, हातात कणकेच्या बारीक गोळ्या.

‘आई, हे काय?’

‘अगं, मुकी जनावरं. तू सकाळी टाकतेस ते दातात अडकत नाही त्यांच्या.’

महिनाभर रोज कणीक. दगडांमागे हात घातला तर आंबलेला लगदा. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. दर सोमवारी मी सात छोट्या डब्यांत सात दिवसांचं खाणं भरून ठेवते, रोज दुपारी एक डबा त्यांनी टाकायचा, मी अजिबात नाही. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) असेल तर क्यूब टाकीच्याच पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीतून गाळायचा, ते गढूळ पाणी बेसिनमध्ये. दोन मिनिटांत संपेल एवढंच.

दुसरा गुन्हेगार मी स्वतः. टाकीसाठी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरत होते. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर नळाचं ७० आणि प्युरिफायरचं ४५. इतका कमी फरक का? कारण पिण्याच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळतो. माणसाला ठीक, समुद्री टाकीला नाही. शिवाय मीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. मी कंट्रोलरआधीच्या मेंब्रेनच्या नळीला जोड काढून पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं बसवलं. आता मीटरवर शून्य येतं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणीही यानेच भरायचं, साधं, मीठ न घालता. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं.

साय काढायची संध्याकाळी, बुडबुड्यांनी ती सुटी झालेली असते तेव्हा. आधी पंप बंद, नाहीतर तुकडे टाकीभर उडतात आणि जिथे पडतात तिथे रुजतात. एअरपंपाची बारीक नळी घ्या, जाड सायफनने वाळूच जास्त जाते. कडेपासून सुरुवात करून साय गुंडाळत ओढा. आणि सायफन तोंडाने ओढू नका. आमच्या पिढीने लॅबमध्ये तोंडाने पिपेट ओढले आहेत, त्याची फुशारकी मारण्यासारखं काही नाही. नळी पाण्याने भरून, अंगठा लावून सोडा. हाताला चीर असेल तर हातमोजे घालाच. टाकीतल्या मायकोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूने बोटांवर गाठी येतात आणि त्या महिनोन्महिने जात नाहीत.

बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी गेलं की थांबा. तेवढंच नवं पाणी आदल्या रात्री तयार ठेवलेलं असावं: साडेसातशे ग्रॅमच्या आसपास मीठ, रात्रभर पंपाने ढवळलेलं, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. अंदाजाने मीठ घालायला ही आमटी नव्हे.

मग पाण्याचा प्रवाह. साय जिथे धरली होती तिथे वाळूवरचा कण हलत नव्हता. वेव्हमेकरचं, म्हणजे लाटा उठवणाऱ्या पंपाचं, तोंड खाली वळवलं, मागचा दगड चार बोटं पुढे घेतला. फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरचा कप रोज धुतला, तेलकट कप फेस धरत नाही. दिवे आठ तासांवर आणले.

दोन आठवड्यांत साय निम्मी झाली, पण हटेना. तेव्हा तीन दिवस काळोख केला. टाकीला चारही बाजूंनी काळा कागद, वरून जुनी सोलापुरी चादर, आत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू, खाणं बंद. पूर्ण वाढलेल्या माशांना तीन दिवसांचा उपास सहज सोसतो. सासूबाईंना सोसला नाही: ‘सुतक पाळताय का त्यांचं?’ चौथ्या दिवशी मेलेली साय ओढून काढली आणि लगेच पाणी बदललं. ती तशीच कुजू दिली तर तेच खत पुन्हा.

पावडरीबद्दल. काही जण थेट एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टाकतात. साय दोन दिवसांत जाते, खरंय. मात्र तिच्या कुजण्याने ऑक्सिजन एकदम खाली येतो, मासे पृष्ठभागावर धापा टाकतात, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू दुखावले जाऊ शकतात आणि कारण न काढल्यामुळे महिन्याभरात साय परत. मी वर्षानुवर्षं कल्चरच्या प्लेटवर औषधाला न जुमानणारे जंतू मोजलेत. चिठ्ठीवर मिळणारं अँटिबायोटिक बादलीतून मोरीत आणि तिथून खाडीत सोडायची माझी तयारी नाही.

खाडीत तर याच मंडळींवर जगणारे बसलेत. हिवाळ्यात टी. एस. चाणक्य या नौकानयन शिक्षणसंस्थेच्या बाजूला किंवा ऐरोलीच्या बोटीवरून जे छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात, त्यांचं मुख्य खाणं सायनोबॅक्टेरिया आणि डायटम. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंग त्यातूनच येतो. नवऱ्याला वाटतं एक रोहित टाकीत सोडावा.

सहाव्या आठवड्यात वाळू पांढरी झाली. उजव्या मागच्या कोपऱ्यात, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथे अजून नखाएवढा डाग आहे. दर रविवारी नळीने काढते. गेल्या महिन्यात तो अचानक वाढला, तेव्हा मी आधी सोमवारचे डबे मोजले. सातही रिकामे होते. मग कणकेचा डबा उघडून पाहिला.