गोधडी आणि मोगरा: उन्हाळ्याच्या तोंडावर या चुका टाळा

होळी झाली की ओळखीतल्या निम्म्या बायकांना दोन बेत एकदम सुचतात. साठलेल्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायची आणि गॅलरीत फुलं फुलवायची. बेत दोन्ही झकास आहेत. सकाळी ऊन तापायच्या आत झाडं, दुपारी पंख्याखाली सुईदोरा, याहून बरा उन्हाळा मला तरी ठाऊक नाही. पण रामनवमी येईपर्यंत फोन सुरू होतात. "काकू, गोधडीचा बोळा झाला." "काकू, मोगऱ्याला नुसती पानंच येतायत." चुका दरवर्षी त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

कापड न धुता कात्री लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून आधी हिचा समाचार घेऊ. गोधडीला जुनं कापड घेतात ते फक्त काटकसर म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा जाणारा रंग जाऊन चुकलेला असतो आणि सुई त्यातून विनातक्रार जाते. नव्या कापडाचं यातलं काहीच झालेलं नसतं.

आमच्या शेजारच्या वहिनींनी नातवाच्या बारशाला दुपटं शिवलं. मधे सासऱ्यांचं धोतर, मऊसूत, पांढरंशुभ्र. काठाला नवा कोरा लालभडक खण, दुकानातून आला तसा थेट कात्रीखाली. टाके इतके बारीक आणि सरळ की बारशाला आलेली प्रत्येक बाई दुपटं उलटसुलट करून बघत होती. दोन दिवसांनी बाळानं आपलं काम केलं आणि दुपटं साबणाच्या कोमट पाण्यात गेलं. बाहेर आलं ते गुलाबी होऊन. बरं, सारखं गुलाबी तरी व्हावं, तर तेही नाही, जागोजागी ढग उठलेले. वाळल्यावर दुसरी गंमत कळली. खण आटला होता, धोतर आटलं नव्हतं. कडा आखडल्या आणि मधलं कापड पापडासारखं फुगून वर आलं. वहिनी विचारतात, "मिठाच्या पाण्यात बुडवून बघू का?" अहो, मिठानं आमटी सुधारते. एकदा सुटलेला रंग मिठाला घाबरून परत जात नाही.

माझी सवय सांगते. कापड कितीही जुनं असो, रात्रभर एकेकटं बादलीत भिजतं. एकाच बादलीत दोन रंग नाहीत. नवं कापड असेल तर कोमट पाण्यात साबणानं धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच पुढे. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटतं. दोन मीटरच्या गोधडीत हा हिशोब 6 ते 10 सेंटीमीटरचा होतो, म्हणजे काठ गेलाच म्हणायचा. शंका असेल तर ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर ठेवून वरून इस्त्री दाबायची. रुमालावर डाग उठला की ते कापड गोधडीतून बाद. त्याची भाजीची पिशवी शिवा, फार वाईट वाटत असेल तर.

खळ घातलेली साडीसुद्धा खळ पूर्ण निघेपर्यंत धुवायची. खळ आत राहिली की कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागलीच समजा, आणि गोधडी उसवल्याशिवाय ती दिसतही नाही.

थर, कच्चे टाके आणि घाई

"घरातल्या सगळ्या साड्या घातल्यात आत," असं अभिमानानं सांगणाऱ्या बाईची सुई तिसऱ्या ओळीत मोडते. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटरचं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरचे चार थर होतात. वर एक कापड, खाली एक कापड. पुण्याच्या थंडीला एवढं पुरतं. महाबळेश्वरला राहत असाल तर आणखी एक लुगडं घाला.

सिंथेटिक साडी मात्र आत नको, वर नको, खालीही नको. थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि उन्हाळ्यात अंगाखाली घेतली तर मध्यरात्री उठून फरशीवर झोपायची पाळी येते.

कच्चे टाके न घालता धावदोरा सुरू करणं हा शुद्ध आळस आहे. थर फरशीवर अंथरायचे, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढायच्या आणि चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं. माझ्याकडे पाटा, वरवंटा आणि दोन पितळी डबे हे काम करतात. मग वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे. याला एक अख्खी दुपार जाते. जाऊ दे. टाचण्या लावून भागवणाऱ्यांच्या गोधडीवर रक्ताचे ठिपके मी पाहिलेत. (ते लगेच गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं डाग पक्का होतो.) 'एका दिवसात गोधडी' असं काही मोबाइलवर दिसलं की मी पुढे सरकवते. ज्याला एका दिवसात हवी त्यानं सोलापुरी चादर विकत घ्यावी, तीही छान असते.

सुरुवात मधूनच करावी असं व्हिडिओत ठासून सांगतात. गरज नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीच, कडेपासून शिवायला घेतात आणि चौकोन लहान करत करत आत जातात. त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवून दाखवावं! फक्त कच्चे टाके घट्ट हवेत आणि प्रत्येक ओळीनंतर कापडावरून हात फिरवून सुरकुती आत अडकत नाही ना हे बघायला हवं.

दोरा हातभरच घ्या. अंगुस्तान वापरा, बोटाला भोक पडण्यात शौर्य नाही.

मशीनच्या खाली दोऱ्याचं जाळं

पिशव्या, उशांचे अभ्रे मशीनवर शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनच्या मागे लागतात. बॉबिन केसचा बारीक स्क्रू फिरवतात, तो निघून पडतो, कोचाखाली जातो, आणि मग मेकॅनिक. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. दाबाचा पाय खाली ठेवून दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. पाय वर उचला, सुई वर आणा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. दहातल्या आठ मशीन तिथल्या तिथे सुधारतात. उरलेल्या दोघींची सुई बोथट झालेली असते, ती बदला. सुती कापडाला 14 नंबर, जाड थरांना 16.

आणि मशीनला खोबरेल घालू नका. थंडीत ते थिजतं, एरवी धूळ धरून चिकट होतं. मशीनच्या तेलाची बाटली काही फार महाग नसते.

एकच कात्री

गोधडीवाल्या आणि बागवाल्या एकाच घरात असल्या, किंवा एकाच बाईत, की हे होतंच. हाताशी आहे म्हणून कापडाच्या कात्रीनं गुलाबाची फांदी कापायची. पात्याला बारीक खाच पडते, चीक सुकून बसतो, आणि पुढच्या वेळी मलमल कापताना कात्री कापड चावत जाते. माझ्या कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली आहे. तिनं कागद कापणाऱ्या नातवालाही मी सोडत नाही. झाडांना सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची वेगळी कात्री, घ्या. सँडपेपर कापून धार काढायचा उपाय स्वयंपाकघरातल्या कात्रीवर करा. कापडाची कात्री शिंप्याला विचारून, तो जिथे लावतो तिथेच धार लावायला द्या.

वसंत आला म्हणून पिटुनिया

मार्चमध्ये नर्सरीत पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस फुलांनी लगडलेले असतात आणि स्वस्तही मिळतात. स्वस्त का मिळतात, हे कुणी विचारत नाही. ही थंडीची झाडं. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, थंडीभर फुलं बघायची आणि ऊन तापलं की निरोप द्यायचा. 'वसंतात लावा' हा सल्ला विलायतेतला आहे, तिकडे तेव्हा बर्फ वितळत असतो. आपला चैत्र म्हणजे विदर्भात चाळिशीची तयारी. आत्ता लावायचं असेल तर झिनिया, कॉसमॉस, गॅलार्डिया, आणि ज्याला आपण ऑफिस टाइम किंवा चिनी गुलाब म्हणतो तो पोर्तुलाका. याची काडी मोडून मातीत खोचली तरी लागते. बेफिकीर माणसांसाठी याहून चांगलं झाड नाही.

मोगऱ्याची छळवणूक

मोगऱ्याचं गणित सोपं आहे. त्याला फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत आठ-दहा दिवस पाणी कमी करून ताण द्यायचा, एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटायचा, पानं काढायची, मुठी-दोन मुठी कुजलेलं शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळं फुकट. दोन तास उन्हाच्या गॅलरीत मोगरा ठेवून त्याला दोष देऊ नका.

आमच्या सोसायटीतले एक काका हिरवीगार पानं दाखवायला मला बोलावत. खत काय घालता, तर दर रविवारी मूठभर युरिया! नत्र असं ओतलं की झाड पानांतच रमतं. युरिया बंद करा म्हटलं, केला. कुंडी उन्हात सरकवा म्हटलं, सरकवली. एप्रिलच्या मध्याला शेंड्याशेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या. आणि त्याच आठवड्यात काकांनी कुठंसं 'मोगरा छाटा, दुप्पट फुलं मिळवा' असं पाहिलं. मला जिन्यात हाक मारून दाखवलं तेव्हा कुंडीत चार काड्या उभ्या होत्या. छाटणी तशी व्यवस्थित केली होती हो, कापही तिरके होते! नवी फूट येऊन पुन्हा कळी दिसेपर्यंत मिरगाचा पाऊस आला. निम्मा हंगाम गेला.

कळ्या असताना कात्री फक्त फुलून गेलेल्या शेंड्यांना लावायची, तीही दोन जोड पानांपर्यंत.

बाकीचं पटकन. पाणी सकाळी नऊच्या आत, आणि आधी मातीत बोट घालून बघा. ओली असेल तर मग्गा खाली ठेवा, उन्हाळ्यातही झाडं जास्त पाण्यानं मरतात. चहाचा चोथा धुऊन, साखर-दूध काढून मगच घाला, नाहीतर मुंग्या. मुंग्या आल्या की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फोफावतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवा, नंतर लिटरभर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळीच. दुपारी फवारलंत तर पानं भाजतील. आणि त्या संध्याकाळी कठड्यावर गोधडी वाळत नाही ना ते बघा. निंबोळी तेलाचा वास धुतला तरी लवकर जात नाही.