उपयोजित विज्ञान शिकून विज्ञानक्षेत्रात काम कसे मिळवावे

विज्ञानात काम करायचे म्हणजे संशोधकच व्हायचे, असा समज विद्यार्थ्यांइतकाच पालकांमध्येही घट्ट रुजलेला दिसतो. प्रत्यक्षात विज्ञानाचा फार मोठा भाग पिण्याचे पाणी तपासणाऱ्या, औषधाची प्रत्येक बॅच बाजारात जाण्यापूर्वी तिचे नमुने पारखणाऱ्या, रुग्णाच्या रक्ताचे अहवाल तयार करणाऱ्या आणि धातूच्या जोडाची ताकद मोजणाऱ्या प्रयोगशाळांतून चालतो, आणि तेथे काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी महाविद्यालयात उपयोजित विज्ञान किंवा त्याची एखादी शाखा शिकलेली असते. हा मार्ग दुय्यम आहे असे मानण्याचे कारण नाही, मात्र पदवी पदरात पडली की काम आपोआप मिळेल असाही तो मार्ग नाही. ज्याच्या हातून आलेल्या आकड्यावर दुसरा माणूस विसंबून निर्णय घेऊ शकतो, त्यालाच या क्षेत्रात मागणी असते. म्हणून महाविद्यालय निवडण्यापासून मुलाखतीपर्यंतची प्रत्येक पायरी त्याच कसोटीवर तपासून पाहावी.

पायरी १ : आधी काम ठरवा, मग अभ्यासक्रम

अभ्यासक्रमांची माहितीपत्रके वाचण्यापूर्वी नोकरीच्या जाहिराती वाचाव्यात. आपल्याला आवडेल अशा कामाच्या दहा-बारा जाहिराती समोर ठेवून त्यांत कोणती उपकरणे, कोणत्या तपासण्या आणि कोणती पात्रता पुन्हा पुन्हा मागितली आहे, याची यादी करावी. रासायनिक विश्लेषण, अन्नतपासणी, पर्यावरणाचे निरीक्षण, रुग्णालयीन प्रयोगशाळा, पदार्थविज्ञानावर आधारित चाचण्या या साऱ्यांचा पाया एकच असला तरी त्यांच्या दारावरच्या अटी वेगवेगळ्या असतात. विशेषतः रुग्णालयीन कामासाठी अनेक देशांत स्वतंत्र नोंदणी किंवा परवाना लागतो आणि तो केवळ मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या आधारेच मिळतो. ही गोष्ट शेवटच्या वर्षी कळली तर त्यावर उपाय उरत नाही. फॉरेन्सिक विज्ञानाचे आकर्षण पडद्यावरच्या कथांमुळे बरेच वाढलेले आहे, परंतु त्या क्षेत्रातल्या जागा थोड्या असतात आणि तेथेही रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा भक्कम पाया असलेल्या उमेदवाराला सहसा अडचण येत नाही. त्यामुळे फारच अरुंद नावाची पदवी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

पुढे संशोधनाकडे वळण्याची इच्छा असेल, तर ज्या विद्यापीठात पुढचे शिक्षण घ्यायचे आहे तेथे हा अभ्यासक्रम प्रवेशासाठी चालतो का, हे लेखी विचारून घ्यावे.

पायरी २ : प्रयोगशाळा स्वतः पाहून या

माहितीपत्रकात प्रत्येक महाविद्यालयाची प्रयोगशाळा अद्ययावतच असते. म्हणून आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती, एका उपकरणामागे विद्यार्थी किती, उपकरण विद्यार्थी स्वतः चालवतात की शिक्षक चालवून दाखवतात, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा नेमकी कशी होते, एवढे चार प्रश्न समक्ष विचारावेत. उत्तरे ऐकत असताना नजर मात्र इकडेतिकडे फिरू द्यावी. सूक्ष्म वजनकाट्यावर कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरण अचूक मोजते हे पडताळल्याची, चिठ्ठी चिकटवलेली आहे का आणि तिच्यावरची तारीख उलटून तर गेलेली नाही ना, हे पाहावे. महागड्या उपकरणाशेजारी वापराची नोंदवही असते. तिच्यातली शेवटची नोंद मागच्या आठवड्यातली असेल तर ते उपकरण खरोखर वापरात आहे, आणि वही कोरी असेल तर ते पाहुण्यांना दाखवण्यापुरतेच ठेवलेले आहे, असे समजायला हरकत नाही. माझ्या मते साधी, जुनी, पण रोज वापरली जाणारी उपकरणे असलेले महाविद्यालय हे चकचकीत पण कुलूपबंद प्रयोगशाळेपेक्षा केव्हाही बरे.

पायरी ३ : मोजमाप हाच मुख्य विषय समजा

प्रवेश घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांतच टायट्रेशन, म्हणजे तीव्रता माहीत असलेले द्रावण थोडेथोडे घालून दुसऱ्या द्रावणातील घटकाचे प्रमाण काढणे, करावे लागते, आणि बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेपुरते उरकतात. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाचे प्रमाण काढण्याचे साधे प्रात्यक्षिक घेऊ. ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या उभ्या काचनळीत, सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण भरलेले असते, परंतु हा पदार्थ हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्यामुळे तो वजन करून विरघळवला म्हणजे त्याची तीव्रता अचूक कळली असे होत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या स्थिर प्रमाण पदार्थाच्या साहाय्याने ती आधी निश्चित करावी लागते. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकलेला असेल आणि तो मध्येच निसटला, तर वाचन तेवढ्याने वाढते. डोळा द्रावणाच्या पातळीच्या वर किंवा खाली असेल, तरीही वाचन चुकते. फ्लास्कमधील व्हिनेगरमध्ये घातलेल्या फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग गडद गुलाबी झाला म्हणजे आपण अंतिम बिंदू, म्हणजे सारे आम्ल संपल्याची खूण, ओलांडून पुढे गेलो. जेमतेम दिसणारी आणि फ्लास्क हलवल्यावर सुमारे अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा आली, की तेथे थांबायचे असते. पहिले वाचन अंदाजापुरते धरून पुढची वाचने परस्परांच्या ०.१ मिलीलिटरच्या आत येईपर्यंत कृती पुन्हा करावी लागते.

एवढा तपशील देण्याचे कारण असे, की प्रत्येक ठिकाणी "येथे चूक झाली तर उत्तर कोणत्या दिशेला सरकेल?" हा प्रश्न विचारण्याची सवय येथेच लागते. बुडबुडा निसटला तर व्हिनेगर आहे त्यापेक्षा आंबट ठरेल. प्रमाणित न केलेले सोडियम हायड्रॉक्साइड समजले त्यापेक्षा सौम्य असेल, तरीही तेच होईल. पुढे कितीही मोठे यंत्र हाताखाली आले तरी हा प्रश्न बदलत नाही, आणि ज्याला तो पहिल्या वर्षी पडत नाही त्याला नोकरीत तो वरिष्ठांकडून ऐकावा लागतो.

पायरी ४ : सिद्धान्ताला फाटा देऊ नका

उपयोजित शाखेत हात चालले की पुरे, असे मानणारे विद्यार्थी हमखास भेटतात. त्यांनी प्रथिनांच्या तपासणीचे उदाहरण लक्षात घ्यावे. १८८३ मध्ये योहान केल्डाल यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने पदार्थातील नायट्रोजन मोजता येतो. प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले, की प्रथिनांचे प्रमाण मिळते. तपासणी करणारा मोजतो नायट्रोजन आणि अहवालात लिहितो प्रथिने. या फटीचाच गैरफायदा घेऊन चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले गेले, आणि २००८ मध्ये तो प्रकार उघडकीला येईपर्यंत लाखो बालके त्या दुधाच्या भुकटीमुळे बाधित झाली होती. मेलामाइनच्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचेच असते, त्यामुळे दूध पातळ असूनही कागदावर प्रथिनांनी समृद्ध दिसत होते. पद्धत बरोबर वापरली गेली तरी ती नेमके काय मोजते याचे भान सुटले, की असे घडते.

उपयोजित काम म्हणजे मूळ विज्ञानाची उष्टी वाटी नव्हे, हेही केल्डाल यांच्याच प्रयोगशाळेवरून दिसते. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर तयार करणाऱ्या उद्योगाने १८७५ मध्ये उभारलेल्या संस्थेत काम करीत. त्याच प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये आम्लता मोजण्याची पीएच मापनश्रेणी मांडली. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना थोड्याच नमुन्यांवरून खात्रीलायक निष्कर्ष काढायचा होता. त्यातून त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलेली पद्धत आज टी-चाचणी म्हणून सर्वत्र शिकवली जाते. ही चाचणी, प्रमाण विचलन (वाचने किती विखुरली आहेत याचे माप), सरळ रेषेचा आलेख आणि मोजमापातील अनिश्चितता एवढी संख्याशास्त्राची शिदोरी प्रत्येकाने कागदावर हाताने सोडवून पक्की करावी. स्प्रेडशीट त्यानंतर.

पायरी ५ : एक उपकरण आतून-बाहेरून शिका

दहा उपकरणांची नावे अर्जात लिहिण्यापेक्षा एकाची सर्व अंगे सांगता येणे अधिक मोलाचे ठरते. सुरुवातीला स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणारे उपकरण, उत्तम, कारण तो बहुतेक ठिकाणी उपलब्ध असतो. द्रावणाची तीव्रता आणि त्याने शोषलेला प्रकाश यांचे सरळ प्रमाण एका मर्यादेपर्यंतच टिकते आणि त्यापुढे रेषा वाकते. म्हणून नमुन्याचे वाचन आपण तयार केलेल्या प्रमाण द्रावणांच्या, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या द्रावणांच्या, कक्षेबाहेर गेले, तर रेषा पुढे ओढून उत्तर काढायचे नसते, नमुना विरल करून पुन्हा मोजायचा असतो. अतिनील प्रकाशात काम करताना साध्या काचेची क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी पारदर्शक कुपी, चालत नाही, कारण काच स्वतःच तो प्रकाश शोषते. तेथे क्वार्ट्झची लागते. क्युव्हेटवरचा बोटाचा ठसासुद्धा आकड्यात उतरतो. हे सारे समजले, की पुढे एचपीएलसी किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी, मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारी यंत्रे शिकणे पुष्कळ सोपे जाते.

पायरी ६ : नोंदी नोकरीत ठेवाव्या लागतात तशा ठेवा

बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिकाची वाचने आधी कुठल्यातरी चिटोऱ्यावर घेतली जातात आणि जर्नल सावकाश, सुवाच्य अक्षरात, क्वचित दुसऱ्याचे पाहूनही पूर्ण केले जाते. या सवयीने जर्नलाला गुण मिळतात, परंतु औषधनिर्मितीत किंवा मान्यताप्राप्त तपासणी प्रयोगशाळेत हीच गोष्ट गंभीर गैरवर्तन ठरते. वाचन घेतले त्याच क्षणी, शाईने, थेट वहीत लिहावे. चूक झाली तर खोडरबर किंवा पांढरी शाई न वापरता मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारावी आणि शेजारी दुरुस्ती, सही व तारीख टाकावी. तपासणी आणि कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी १७०२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, तर वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९. ही मानके पाठ करण्याची गरज नसली तरी ती काय मागतात हे अभ्यासक्रम चालू असतानाच समजून घ्यावे, कारण नव्या कर्मचाऱ्याला ते शिकवण्यात प्रयोगशाळेचा बराच वेळ जातो आणि तो वाचवणारा उमेदवार साहजिकच पुढे राहतो.

पायरी ७ : प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि अर्ज

सुट्टीतील इंटर्नशिप मोठ्या नावाच्या संस्थेतच मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नये. लहान प्रयोगशाळेत नमुना स्वीकारून त्याला क्रमांक देण्यापासून अहवालावर सही होईपर्यंतचा सगळा प्रवास एकाच छताखाली पाहायला मिळतो, आणि मोठ्या संस्थेत अनेकदा महिनाभर फक्त काचसामान धुण्याचेच काम वाट्याला येते. त्या कामातही शिकण्यासारखे असते, पण किती दिवस, याला मर्यादा आहे.

अर्जात "एचपीएलसीचे ज्ञान" असे मोघम लिहू नये. कोणता घटक मोजला, प्रमाण द्रावणे कोणत्या कक्षेत होती, नमुने किती होते आणि अडचण आल्यावर काय तपासले, हे दोन वाक्यांत लिहावे. मुलाखतीत निकषाबाहेरचा निकाल आल्यास काय कराल, हा प्रश्न येण्याची दाट शक्यता असते. निकष पूर्ण होईपर्यंत तोच नमुना पुन्हा पुन्हा तपासत राहीन, असे उत्तर दिले तर मुलाखत बहुधा तेथेच संपते. नमुना आणि द्रावणे टाकून न देता जपून ठेवणे, वरिष्ठांना लगेच कळवणे, वजने, विरलन, गणित आणि उपकरणाच्या नोंदी क्रमाने पडताळणे, आणि ठरलेल्या कार्यपद्धतीने परवानगी मिळाल्यावरच फेरतपासणी करून दोन्ही निकाल नोंदवणे, हा क्रम उमेदवाराला सांगता आला पाहिजे.