डोअर पॉडसाठी रेझिनचा डबा उघडण्याआधी

डोअर पॉड म्हणजे गाडीच्या दारावर स्पीकर बसवायला फायबरग्लास आणि रेझिनने घडवलेला उंचवटा. रेझिनमध्ये हार्डनर (ते गोठवणारं रसायन) पडला की हातात साधारण पंधरा-वीस मिनिटं उरतात, आणि गरम दिवशी दहासुद्धा नाहीत. तेवढ्यात कात्री शोधायची, रिंग (स्पीकर बसतो ते लाकडी कडं) जरा तिरकी वाटते म्हणून हलवायची किंवा दार लावून बघायचं, यातलं काहीच होत नाही. म्हणून मापं, चाचण्या आणि मांडामांड आधी उरकून घ्या.

पॉड खरंच हवा का, हे पहिल्यांदा ठरवा. ६.५ इंची (१६५ मिमी) स्पीकर मूळ जागी १८ मिमी जाड रिंगवर बसत असेल, तर आधी तसाच बसवा आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करून ऐका. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागची लहर त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. बास हरवतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, आणि नुसतं वॉटेज वाढवून तो परत येत नाही. स्पीकरचं मॅग्नेट काचेला अडत असेल, एका दारात दोन स्पीकर हवे असतील किंवा पोटऱ्यांकडे तोंड करून बसलेला स्पीकर कानांकडे वळवायचा असेल, तरच फायबरची उस्तवार करा.

भोकं बुजवण्याआधी मात्र गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजतो. त्या दारात भोक पाडलं, बुजवलं किंवा स्पीकरची जागा उघडी राहिली, तर दाबाचं गणित बदलतं आणि एअरबॅग नको तेव्हा उघडू शकते किंवा हवी तेव्हा उघडत नाही. मॅन्युअलमध्ये तशी सूचना असेल तर त्या दाराचा नाद सोडा. सीटच्या कडेतून एअरबॅग उघडत असेल तर तिच्या वाटेत पॉड येता कामा नये. पडदा-एअरबॅग असलेल्या पुढच्या खांबावर ट्वीटरचा (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा) पॉडही करू नका.

डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढायच्या दिवशी प्लॅस्टिकचा पटाशीसारखा पाना, स्क्रू ठेवायला कप्प्यांची डबी आणि त्याच मापाच्या आठ-दहा जादा क्लिपा जवळ ठेवा, कारण जुन्या क्लिपा तुटतातच. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. दारातले प्लग सुटे असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागून बसेल. पॅडमागचा पाणी अडवणारा कागद ओढून फाडू नका, बुटीलची (चिकट रबराची) दोरी ब्लेडने हळूहळू कापत जा. तो नीट परत बसला नाही, तर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं. डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारा थर) लावताना दाराच्या तळाची, पाणी निघून जायची भोकं झाकली गेली नाहीत ना, हे बोट फिरवून बघा. ती बंद झाली की दार आतून गंजतं.

आता मापं. माहितीपत्रकातल्या माउंटिंग डेप्थवर (स्पीकरला मागे लागणाऱ्या खोलीवर) विसंबू नका. मॅग्नेटच्या मागे मऊ मातीचा (मुलांच्या खेळातल्या) गोळा चिकटवा, स्पीकर तात्पुरता रिंगवर धरा आणि काच हळूहळू पूर्ण खाली घ्या. चपटी झालेली माती ५ मिमीपेक्षा पातळ असेल तर रिंग जाड करा किंवा स्पीकर बदला. पॉडच्या बाहेरच्या बाजूसाठी पुठ्ठ्याचा ढोबळ आकार कापून पॅडवर चिकटवा. मग दार लावा आणि सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर-खाली करून बघा. सीटचा खटका, डॅशबोर्डची कड, चालकाचा गुडघा, आतलं हँडल आणि बाटलीचा कप्पा यांपासून १५ ते २० मिमी अंतर राहायला हवं. फिनिशिंगचं कापड आणि जाळी मिळून ५-६ मिमी खातातच.

स्पीकर कलवायची हौस आवरती घ्या. १९० मिमी व्यासाची रिंग १० अंश कलवली की तिची एक कड ३३ मिमी पुढे येते, २० अंशांना ६५ मिमी. तेवढ्यात दार सीटला भिडायला लागतं. मिडबासला (खालच्या-मधल्या सुरांच्या स्पीकरला) फार कल लागत नाही, ट्वीटरला लागतो, आणि बहुतेक ट्वीटरची पाठ बंदच असल्याने त्याला वेगळी पोकळी द्यावी लागत नाही.

पॉडची पाठ दाराच्या पोकळीत उघडी ठेवायची की बंद डबा करायचा, हे स्पीकरच्या आकड्यांवरून ठरतं. क्यूटीएस (स्पीकरची थरथर किती आवरली जाते ते सांगणारा आकडा) ०.६ ते ०.७ असेल तर दाराची मोठी पोकळी त्याला मानवते. बंद डब्यात क्यूटीएस किती वाढेल, ते व्हीएएस (स्पीकरच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा, लिटरमध्ये) भागिले डब्याचं आकारमान, अधिक एक, या बेरजेच्या वर्गमुळाने गुणून कळतं. क्यूटीएस ०.५, व्हीएएस १२ लिटर आणि डबा ८ लिटरचा धरला तर उत्तर सुमारे ०.७९ येतं, म्हणजे चांगलं. तोच स्पीकर ३ लिटरच्या देखण्या पॉडमध्ये कोंडलात तर १.१२, आणि ६० हर्ट्झचा रेझोनन्स (स्पीकर आपसूक थरथरतो ती वारंवारता) १३४ वर जातो. मग ढब-ढब ऐकू येतं, खाली काही उरत नाही. पुठ्ठ्याचा आकार उलटा करून त्यात पॉलिथिनची पिशवी पसरा, मापाने धान्य ओता आणि लिटर मोजा. मॅग्नेटने व्यापलेली जागा त्यातून वजा करायला विसरू नका.

रिंग १८ मिमी एमडीएफची चालते, पण कापून झाल्यावर सगळ्या कडांना रेझिनचा हात मारून ती बंद करायलाच हवी, नाहीतर दाराच्या ओलाव्याने फुगते. मरीन प्लाय त्याहून बरा. भोक स्पीकरचीच चौकट ठेवून आखा. स्क्रूसाठी टी-नट (लाकडात ठोकायचे धातूचे आटे) आधीच ठोका, कारण एमडीएफमध्ये तोच स्क्रू तिसऱ्यांदा पिळला की पकड जाते. तयार पॉड आणि स्पीकर मिळून चांगलं वजन होतं आणि दर वेळी दार आपटलं की ते झटका देतं, त्यामुळे पॅडच्या क्लिपांवर हा भार टाकायचा नाही. आतल्या पत्र्यात रिव्हनट (पत्र्यात रिबिटासारखे बसणारे आटे) बसवून एम५ किंवा एम६ बोल्टच्या तीन-चार जागा आत्ताच नक्की करा. पॉड आणि पत्रा यांमध्ये घालायला बंद पेशींच्या फोमची पट्टीही आणून ठेवा.

स्पीकर आकारात अडकण्याआधी त्यांची तपासणी करून घ्या. मल्टीमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मूळ स्पीकर २ ओहमच्या आसपास दाखवत असेल तर कंपनीचा अ‍ॅम्प त्या हिशेबाने केलेला आहे, हे लक्षात घेऊन निवड करा. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लसला आहे. दोन्ही दारांच्या तारांवर खूण करा, एक बाजू उलटी जोडली गेली तरी बास नाहीसा होतो. नवी तार दाराच्या रबरी नळीतूनच न्या आणि ती आत्ताच ओढून ठेवा.

सामानाचा हिशेब असा. पुढचा आणि मागचा भाग धरून एका पॉडचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर मानलं, तर जोडीला ०.८ होतं. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचे (काचेच्या तुकडे-धाग्यांच्या चटईचे) तीन थर म्हणजे २.४ चौरस मीटर, कापाकापीसह ३ आणा. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन, म्हणजे २.७ किलो. आकारावर ताणायचा फ्लीस (लवदार ताणणारं कापड) बराच पितो, म्हणून एकूण ४ किलो पॉलिएस्टर रेझिन घ्या. हार्डनर (एमईकेपी) वजनाने १ ते २ टक्के लागतो, दीड टक्क्याने ६० ग्रॅम. थेंब मोजू नका, ग्रॅमचा काटा वापरा. शिवाय दोन-तीन स्वस्त ब्रश, बुडबुडे काढायचा रोलर, अ‍ॅसिटोन, पुट्टी आणि ६० पासून ३२० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर. इपॉक्सी (वेगळ्या जातीचं रेझिन) वापरणार असाल तर ही मॅट चालत नाही, कारण तिच्यातला बाइंडर (धागे धरून ठेवणारा गोंद) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. तिथे विणलेलं ग्लास कापड लागतं. आकाराला थर्माकोल लावायचा विचार असेल तर सोडा, पॉलिएस्टर रेझिन तो खाऊन टाकतं.

फ्लीसचा स्वभावही आधी ओळखून घ्या. दोन टेकूंमध्ये ताणलेलं कापड सपाट राहतं किंवा आत झुकतं, आपणहून बाहेर कधीच फुगत नाही. जिथे फुगवटा हवा तिथे लाकडाच्या पट्टीचा टेकू द्यावा लागतो. पॅडवर चिकटपट्टीचे दोन थर, वर अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि त्यावर मेणाचे तीन-चार हात द्या. एक इंच जागा सुटली तरी रेझिन तिथून पॅडला कायमचं चिकटतं.

जिवाशी येणारी गोष्ट: कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (रेझिन लवकर गोठवायला मदत करणारं रसायन) वेगळ्या बाटलीत आला असेल तर तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका किंवा स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळून घ्या, हार्डनर शेवटी. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या टोकांना ठेवा. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बंद गॉगल हवा आणि वाहतं पाणी जवळ हवं. धुळीचा साधा मास्क स्टायरीनच्या वाफेला अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला घ्या. घासकामाला पुन्हा धुळीचा फिल्टर वेगळा.

जागा कोरडी, हवा खेळती आणि तापमान १८ ते ३० अंशांत असू द्या. १५ च्या खाली रेझिन दिवसभर चिकट राहू शकतं. आदल्या दिवशी ५० ग्रॅमचा कप बनवून तो किती मिनिटांत गोठतो ते घड्याळावर बघा आणि प्रत्यक्ष कामात तितक्या वेळात संपेल एवढंच, म्हणजे २०० ते ३०० ग्रॅमचा घाणा करा. मॅटचे तुकडे तळहाताएवढे कापून (कडा फाडलेल्या असल्या तर जोड दिसत नाही) वापरायच्या क्रमाने रचून ठेवा. उरलेलं रेझिन कपात स्वतःच तापतं, कधी धुरावतं. त्यासाठी बाहेर उघड्यावर वाळूची बादली मांडा आणि ते कप पूर्ण थंड झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.