दिवसभर धावपळ, तरी महत्त्वाचं काम राहतंच : माझा अनुभव

गोव्यातल्या डिचोलीत माझं काजूगरांचं छोटं दुकान आहे. लक्षण असं: सकाळी ८ ला शटर वर, रात्री ९ पर्यंत पाय टेकत नाहीत, तरी उधारीची वसुली पडून आणि जीएसटीचं ३बी (दर महिन्याचं रिटर्न) २० तारीख ओलांडून जाई. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क भरताना रडू यायचं.

पहाटे उठून पाहिलं. मोबाइलवर यादी केली, ती ४० वर गेली आणि सोपीच कामं आधी खोडली गेली.

लागू पडलं ते याच क्रमाने. आधी ३ महिन्यांची बिलबुकं काढून गिऱ्हाइकं रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लिहिली. ५३ पैकी ९ नावांवर निम्म्याहून जास्त विक्री, बहुतेक हॉटेलं आणि मिठाईवाले! मग त्या ९ नावांपुढे शेवटचा फोन कधी केला ते लाल पेनने लिहिलं. चौघांना महिनाभर विचारलंच नव्हतं. तेव्हापासून रोज रात्री गल्ला मोजून झाला की पाठकोऱ्या कागदावर उद्याची फक्त २ कामं लिहितो, त्यातलं एक या नऊंपैकी कुणाचं तरी. चिठ्ठी गल्ल्याच्या झाकणाला चिकटवतो. सकाळी ती २ कामं होईपर्यंत शटर अर्धंच, व्हॉट्सॲप बंद.

रिटर्नसाठी मी स्वतःची तारीख १५ धरली, कारण १४ ला २बी (आपल्या खरेदीच्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) तयार होतं आणि खरेदीची बिलं ताडून बघता येतात. सलग ५ महिने विलंब शुल्क नाही.

चतुर्थीच्या तोंडावर मात्र चिठ्ठीवर एकच काम ठेवा, दोन झेपत नाहीत.